पर्यायी इतिहासातील युद्धनौकेची रचना : नागपूरकर भोसल्यांच्या ओडिशा किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळील देवगाव येथे १७ डिसेंबर १८०३ रोजी दुसरे रघूजी भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. त्याआधी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबरला भोसल्यांचा पराभव झाला होता आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला होता. वऱ्हाडात या तहाची आठवण प्रामुख्याने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेल्याबद्दल काढली जाते. परंतु याच तहाने कटक प्रांत बालासोर बंदरासह कंपनीच्या हाती गेला, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वऱ्हाडातील एका गावी मराठ्यांनी बंगालच्या उपसागराचा किनारा गमावला, ही घटना लक्षात घेण्याजोगी आहे.

१७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या करारानुसार ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि सुवर्णरेखा नदी ही सीमा मानली गेली. म्हणजे सुमारे ५२ वर्षे हा किनारा त्यांच्या अमलाखाली होता. कलकत्त्याला जाणारे प्रत्येक मोठे जहाज या किनाऱ्याच्या उत्तर टोकाजवळ येऊन थांबत असे. असे असूनही कोकणातील आंग्र्यांच्या तोडीचे आरमार भोसल्यांनी तेथे कधी उभारले नाही. ते उभारले असते तर? हा प्रश्न पर्यायी इतिहासाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे एका काल्पनिक युद्धनौकेची रचना कशी करावी, तिच्यावर कोणती बंधने येतात आणि ती बंधने प्रत्यक्ष इतिहासाबद्दल काय सांगतात, याचे विवेचन केले आहे.

पर्यायी इतिहास आणि युद्धखेळ

पर्यायी इतिहास म्हणजे घडलेल्या इतिहासातील एखादी कडी बदलून पुढील घटनाक्रमाचा तर्कशुद्ध विचार करणे होय. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर काय झाले असते, याचे चित्र आले आहे. ललित साहित्यात लेखकाला परिणाम स्वतः ठरविता येतो. युद्धखेळात, म्हणजेच सिम्युलेशनमध्ये, ही मुभा नसते. तेथे समोर प्रतिपक्ष बसलेला असतो आणि तो आपल्या प्रत्येक चालीला उत्तर देतो.

अशा खेळांची परंपरा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायस्विट्झचा नकाशावरील युद्धखेळ मान्यता पावला. आरमाराच्या बाबतीत फ्रेड जेन या इंग्रजाने १८९८ मध्ये नौदलाचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. जगातील युद्धनौकांची त्याची विख्यात वार्षिक सूची या खेळाची जोडसामग्री म्हणूनच पुढे आली. अलीकडे ‘स्प्रिंगशार्प’सारख्या संगणक-प्रणाली हौशी अभ्यासकांना काल्पनिक युद्धनौकेचे वजन, वेग व स्थैर्य यांचा हिशेब करून देतात. मात्र ही प्रणाली लोखंड-पोलाद व वाफेच्या युगातील जहाजांसाठी आहे. अठराव्या शतकातील लाकडी शिडाच्या जहाजाचा हिशेब हातानेच करावा लागतो, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ते अधिक उपयुक्त ठरते, कारण प्रत्येक आकड्याचे कारण द्यावे लागते.

या क्षेत्रात एक दोष सर्रास आढळतो. आपल्या पक्षाला सर्वांत मोठे जहाज, सर्वांत जड तोफा आणि सर्वांत शूर खलाशी देऊन शत्रूला बुडविण्यात समाधान मानले जाते. अशा जहाजाला इतिहासाचे नाव असते, पण इतिहासाची अडचण नसते. मराठा आरमाराबद्दलच्या अभिमानापोटी हा मोह अधिकच बळावतो. ७४ तोफांची मराठा युद्धनौका कागदावर काढणे सोपे आहे. तिला बालासोरच्या नदीमुखातून आत आणणे अशक्य आहे. म्हणून रचनेचा पहिला प्रश्न ‘केवढी नौका’ हा नसून ‘कशासाठी नौका’ हा असावा लागतो.

नौकेचे काम

१७५१ च्या करारात बंगालच्या चौथाईपोटी दरसाल १२ लाख रुपये भोसल्यांना द्यावयाचे ठरले होते. पुढे बंगालची सत्ता कंपनीकडे गेली, १७६५ मध्ये तिला दिवाणी मिळाली, आणि चौथाईची वसुली दुरापास्त झाली. कंपनीचा उलट आग्रह असा होता की, बंगाल आणि मद्रास यांच्यामध्ये पाचरीसारखा बसलेला कटक प्रांत तिलाच मिळावा. घोडदळाचा धाक अधूनमधून उपयोगी पडे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात चिमणाजी भोसले मोठे सैन्य घेऊन कटकपर्यंत आले, तेव्हा वॉरन हेस्टिंग्जने पैसे देऊन ते संकट टाळले. १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची बंगाली पलटण भोसल्यांच्या ओडिशातूनच मद्रासकडे गेली. म्हणजे भोसल्यांजवळ मोक्याची जागा होती. पण दरवर्षी थकबाकीची आठवण करून देणारे साधन नव्हते.

असे साधन समुद्रावर उपलब्ध होते. हुगळी नदीचे मुख सरकत्या वाळूच्या दांड्यांनी भरलेले आहे. वाटाड्या, म्हणजे पायलट, घेतल्याशिवाय कोणताही कप्तान त्यात जहाज घालीत नसे. हे वाटाडे आपल्या लहान जहाजांतून बालासोरसमोरील उघड्या नांगरवाड्यात येणाऱ्या जहाजांची वाट पाहत. तेथे पोचलेले जहाज लांबच्या प्रवासाने शिणलेले, मालाने लादलेले आणि मदतीची अपेक्षा करणारे असे.

या जागेचे महत्त्व पुढे एका फ्रेंच माणसाने सिद्ध केले. रॉबेर सुर्कूफ याने जानेवारी १७९६ मध्ये याच परिसरात वाटाड्यांचे एक लहान जहाज पकडले, त्यावर २० पेक्षाही कमी माणसे घेतली आणि २९ जानेवारीस २६ तोफांचे ‘ट्रायटन’ हे कंपनीचे जहाज जिंकले. ट्रायटनच्या लोकांनी जवळ येणारे जहाज वाटाड्याचे समजून त्याकडे लक्ष दिले नाही. काल्पनिक नौकेची रचना करणाऱ्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही, कारण येथे तोफांच्या संख्येपेक्षा जागा, वेळ आणि चढाई करणारी माणसे निर्णायक ठरली.

यावरून नौकेचे काम ठरविता येते. इंग्लंडच्या आरमाराचा पराभव करणे हे तिचे काम नाही. हिवाळी हंगामात बालासोरसमोर उभे राहून वाटाड्यांची जहाजे ताब्यात घेणे, मालवाहू जहाजांना दस्तक घेण्यास भाग पाडणे आणि चौथाईची थकबाकी हा चर्चेचा विषय बनविणे, एवढेच तिचे काम होय. दस्तकाची पद्धत कोकणात आंग्र्यांनी रूढ केलेली होती. तीच येथे पूर्वेकडे न्यावयाची आहे.

बदललेली कडी

पर्यायी इतिहासात शक्य तितका कमी बदल करावा, हा संकेत पाळणे इष्ट आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तोफगोळ्याने आंग्र्यांच्या ताब्यातील ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली आणि ती पसरून बंदरात एकत्र बांधलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. इंग्रजांना ही मोहीम पेशव्यांच्या संमतीने व सहकार्याने करता आली, हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत रचनेत एवढेच कल्पिले आहे की, या नाशानंतर निराधार झालेले काही सुतार व तांडेल जानोजी भोसल्यांनी (कारकीर्द १७५५ ते १७७२) ओडिशात आश्रयास घेतले. बाकी सर्व घटना १७८० पर्यंत जशाच्या तशा राहतात. विजयदुर्गाचे आरमार वाचविण्याचा मोह येथे मुद्दाम टाळला आहे. ते वाचले असते तर पुढील २५ वर्षांतील पश्चिम किनाऱ्याचा सर्व घटनाक्रम नव्याने मांडावा लागला असता आणि नौकेचा विचार बाजूस पडला असता.

नमुना : गुराब

आंग्र्यांच्या सुतारांना येत होती ती गुराब. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचे तपशीलवार वर्णन केले आहे. गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टन भाराची, तर दोन काठ्यांची १५० टनांपर्यंतची असे. ती लांबीच्या मानाने बरीच रुंद व उथळ पाण्यात चालणारी होती. पुढील बाजूस नाळ निमुळती होऊन चोचीसारखी लांब पुढे आलेली असे. समोरून येणाऱ्या लाटांत गुराब जोराने वरखाली होई. म्हणून या चोचीला कठडे ठेवीत नसत, जेणेकरून आलेले पाणी सहज वाहून जावे. मुख्य तक्तपोशीवरून चोचीच्या वरून समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा आणि दोन्ही बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा असत. (तोफेचा ‘पौंड’ म्हणजे तिच्या गोळ्याचे वजन, तोफेचे नव्हे.) तिच्या जोडीला गलबते असत. मोठे गलबतही ७० टनांच्या आतबाहेर, पण ४० ते ५० वल्ह्यांचे. ते ताशी चार मैल वल्हवता येई. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस आणीत, जेथे त्याच्या थोड्याच तोफा लागू पडत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५-१६) आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गुराबा फार थोर नकोत व फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, असा विचार मांडला असून पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असे सांगितले आहे. मोठे जहाज वाऱ्यावाचून निरुपयोगी, हे त्यामागचे तत्त्व होय. आज काही वाचकांना ‘मध्यम’ हा शब्द कमीपणाचा वाटतो. वस्तुतः तो खाडी, वारा आणि खजिना या तिन्हींचा हिशेब केल्यानंतर आलेला शब्द आहे.

किनारा व पाणी

बालासोर हे बुढाबलंग नदीवरील बंदर. १६३३ मध्ये इंग्रज येथे आले. डच, फ्रेंच व डॅनिश व्यापाऱ्यांच्याही वखारी येथे होत्या. जवळच चांदीपूर आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या क्षेपणास्त्र चाचण्यांमुळे हे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. तेथे ओहोटीला समुद्र सुमारे पाच किलोमीटर मागे हटतो. या एका गोष्टीवरून किनारा किती उथळ आहे, याची कल्पना यावी. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. त्यावरून भरतीच्या वेळी जी नौका जाऊ शकत नाही, ती या बंदराची नौकाच नव्हे. मोठे इंग्रजी जहाज या नौकेच्या मागे नदीत शिरू शकत नाही, हा याच अडचणीचा दुसरा, लाभदायक भाग होय.

म्हणून काल्पनिक गुराबेची पाण्याखालील खोली, म्हणजे डुबाव, २.४ मीटर धरली आहे. पाण्याच्या पातळीवरील लांबी २६ मीटर व रुंदी ७.५ मीटर. या तीन संख्यांचा गुणाकार ४६८ घनमीटर होतो. पण नौका ही चौकोनी पेटी नसते. तिचा तळ व टोके निमुळती असतात. पेटीचा किती भाग नौकेने प्रत्यक्ष व्यापला, हे दर्शविणारा भरीवपणाचा गुणांक येथे ०.५ घेतला आहे. त्यामुळे व्यापलेले पाणी २३४ घनमीटर आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेने गुणल्यास वजन सुमारे २४० मेट्रिक टन येते. आर्किमिडीजच्या नियमानुसार नौकेचे, तिच्यातील माणसांसह व सामानासह, एकूण वजन इतकेच असले पाहिजे. एक टनही जास्त नाही आणि कमीही नाही. पुढील सर्व विचार या २४० टनांची वाटणी करण्याचा आहे. ‘वैनगंगा’ हे या नौकेचे कल्पित नाव सोयीसाठी घेतले आहे.

वजनाची वाटणी

सर्वांत मोठा वाटा लाकडाचा. सांगाडा, फळ्या व तक्तपोशी मिळून ११० टन धरावे लागतात. डोलकाठ्या, शिडे, दोरखंड व नांगर यांना २५ टन. तोफांमध्ये पुढे दोन ९ पौंडी (प्रत्येकी सुमारे १.३ टन) व दोन्ही बाजूंना मिळून बारा ६ पौंडी (प्रत्येकी सुमारे १ टन) घेतल्या, तर गाड्यांसह १८ टन होतात. प्रत्येक तोफेस ६० गोळे दिल्यास गोळे व दारू यांचे साडेतीन टन. माणसे १००, सामानासह ८ टन. पाण्याचा हिशेब बहुतेक हौशी रचनाकार विसरतात. माणशी रोज ४ लिटर धरल्यास १०० माणसांना २० दिवसांचे ८ टन पाणी लागते, आणि लाकडी टाक्या धरून १० टन. तांदूळ, डाळ, मीठ व सरपण ४ टन. एकूण १७८.५ टन झाले. उरलेल्या साडेएकसष्ट टनांपैकी ४५ टन नीरम, म्हणजे नौका सरळ राहावी म्हणून तळाशी भरलेले दगड, आणि सुमारे साडेसोळा टन राखीव.

आता मोहाची परीक्षा घेता येते. बाजूच्या ६ पौंडी तोफा काढून तेथे १८ पौंडी बसविल्या तर काय होईल? एका १८ पौंडी तोफेचे वजन सुमारे २.१ टन. बारा तोफांमागे १३ टन वाढले. गाडे अधिक मजबूत हवेत, अडीच टन. गोळे तिप्पट वजनाचे, जवळजवळ ४ टन. दारू दीड टन. जड तोफ ओढावयास प्रत्येकी चार माणसे जास्त लागतात. एका वेळी एकाच बाजूच्या सहा तोफा चालविल्या तरी २४ माणसे वाढली, आणि त्यांच्यासोबत त्यांचे पाणी व धान्य आले, आणखी ५ टन. एकूण २६ टन. या नौकेच्या पाण्यावरील क्षेत्रफळानुसार दर दीड टनाला डुबाव एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ती सुमारे १७ सेंटिमीटर अधिक बुडेल. हा आकडा लहान वाटतो. परंतु वाळूच्या दांड्यावर भरतीचे पाणी थोडाच वेळ असते आणि १७ सेंटिमीटरमुळे तो वेळ आणखी कमी होतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, वाढलेले बहुतेक वजन पाण्याच्या पातळीच्या वर आहे. नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ती वाऱ्याने कलल्यावर परत सरळ होण्यास आळस करते. उपाय म्हणून नीरम वाढवावे, तर डुबाव आणखी वाढतो. रुंदी वाढविल्यास स्थैर्य झपाट्याने सुधारते, कारण कलण्यास होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पण मग तेवढ्याच शिडांवर वेग घटतो आणि लाकूड वाढते. जड तोफेच्या धक्क्याने सांगाड्याचे सांधे ढिले होतात, ते वेगळेच.

स्कॉटलंडमधील कॅरन कारखान्याने १७७९ च्या सुमारास आखूड नळीची, हलकी पण जड गोळा फेकणारी कॅरोनेड तोफ आणली. ती मिळाली तर बरेच प्रश्न सुटतील. पण १७८० मध्ये ती कटकला कोण विकणार? ज्ञात असलेली आणि हाती येऊ शकणारी वस्तू यांतील भेद न केल्यास पर्यायी इतिहास फसतो. लोखंडी ओतीव तोफा या मराठी राज्यांना नेहमीच युरोपियनांकडून मिळवाव्या लागल्या. ‘वैनगंगे’च्या चौदा तोफांसाठी चंदननगरच्या फ्रेंचांकडे पाहावे लागेल, आणि १७७८ मध्ये इंग्रजांनी चंदननगर घेतल्यावर तीही वाट बंद होते. याचा अर्थ तोफा त्यापूर्वीच घेतलेल्या असल्या पाहिजेत; खेळाच्या नियमांत एक फुटलेली तोफ बदलून मिळणार नाही, असे स्पष्ट लिहिले पाहिजे.

लाकूड कोठले?

वऱ्हाडातील वाचकाला येथे साहजिकच मेळघाटचा साग आठवेल. भूगोल मात्र त्या बाजूने नाही. मेळघाटचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेकडे, पश्चिम समुद्राला जाते. मेळघाटचा ओंडका पाण्याच्या वाटेने गेला तर तो इंग्रजांच्या मुंबई गोदीला उपयोगी पडेल, बालासोरला नव्हे. भोसल्यांच्या राज्यातून पूर्व समुद्राला मिळणारी सोयीची वाट महानदीची. छत्तीसगडमध्ये रतनपूर येथे बिंबाजी भोसले राज्य करीत होते आणि महानदी तेथून संबळपूरमार्गे कटकला येते. पावसाळ्याच्या पाण्यात लाकूड खाली आणणे शक्य आहे, परंतु हिरवा साग नीट तरंगत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते उभेच दोन-तीन वर्षे वाळू द्यावे लागते. साल तर त्याहूनही जड. त्याच्या ओंडक्यांना बांबूच्या मोळ्या बांधून तराफे करावे लागतात.

साल ओडिशात जवळच, मयूरभंजच्या रानात, विपुल आहे. तो मजबूत आहे, पण वाळताना वाकतो व चिरतो. कणा व फासळ्यांसाठी साल आणि बाहेरील फळ्यांसाठी साग, ही विभागणी व्यवहार्य ठरते. पुढे कलकत्त्याच्या गोद्यांतही याच धर्तीवर सांगाड्याला साल-शिसव आणि फळ्यांना पेगूचा साग वापरीत. सागातील तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू.

म्हणजे आज झाड निवडले तर तीन-चार वर्षांनी ते कटकला पोचणार, आणि त्यानंतर नौका उभी राहणार. एवढ्या काळात नागपूरचा एकच कारभार टिकला पाहिजे आणि सुभेदार बदलला तरी सुतारांचा रोजमुरा चालू राहिला पाहिजे. जानोजींच्या मृत्यूनंतर १७७२ ते १७७५ या काळात नागपुरात मुधोजी व साबाजी यांच्यात वारसाचा झगडा झाला, हे पाहता खरी टंचाई लाकडाची वा कारागिरांची नव्हती, असे म्हणावे लागते. त्याच देशी सागातून मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ आणि १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट पाण्यात सोडली. त्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. तेव्हापासून मुंबई गोदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालले. नागपूरकरांच्या नौकेला हवी होती ती ही सलगता.

ऋतू व प्रतिपक्षाचे उत्तर

युद्धखेळात नौकेचे आकडे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच पंचांगही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत हा किनारा उघडा पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे, २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशाची जी दैना केली, ती सर्वांच्या स्मरणात आहे. उरतो तो डिसेंबर ते मार्चचा हंगाम. सुदैवाने या काळाच्या आरंभी इंग्लंडचे राजकीय आरमार कोरोमंडलच्या उघड्या किनाऱ्यावर थांबत नसे. ते दुरुस्तीसाठी मुंबईकडे जाई. बंगालच्या उपसागरात फ्रेंच लुटारू जहाजांचे फावे ते याच सुमारास. ‘वैनगंगा’ ही या चार महिन्यांची नौका आहे. पावसाळ्यात काठ्या उतरवून तिला नदीत वर, गोड्या पाण्यात न्यावे. तेथे लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही आणि तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्याचा न परवडणारा खर्च वाचतो.

ताफा किती असावा? ‘आज्ञापत्रा’चे प्रमाण ठेवून दोन गुराबा व सहा गलबते पुरेशी आहेत. १७८१-८२ चा हिवाळा खेळासाठी सर्वांत योग्य आहे. हेस्टिंग्ज पैशाच्या अडचणीत, हैदर अलीशी युद्ध चालू, आणि फेब्रुवारी १७८२ मध्ये सुफ्रेनचे फ्रेंच आरमार कोरोमंडल किनाऱ्यावर दाखल होऊन ह्यूजच्या इंग्रजी आरमाराशी झुंजू लागले. अशा वेळी हुगळीचे वाटाडे दोन महिने जरी अडले, तरी मद्रासला जाणारा तांदूळ व पैसा थांबतो. खेळात या स्थितीस मोठे गुण द्यावे लागतील.

परंतु इंग्रजांची बाजू खेळणारा गप्प बसणार नाही. मेदिनीपूर १७६० पासून कंपनीकडे आहे आणि तेथून सुवर्णरेखा ओलांडली की बालासोर पायदळाच्या टप्प्यात येते. समुद्रावर न हरलेली नौका जमिनीवरून गमावली जाईल. हे आंग्र्यांच्या बाबतीत घडत नसे, कारण त्यांच्या प्रत्येक खाडीवर दुर्ग होता. बालासोरला विजयदुर्ग नाही. म्हणून ताफ्याचा तळ दक्षिणेस, वैतरणी-ब्राह्मणीच्या मुखाशी धामरा येथे हलविण्याचा पर्याय विचारात घ्यावा लागतो. पाणी तेथे अधिक खोल आहे आणि मेदिनीपूर दूर. पण वाटाड्यांचा नांगरवाडाही तितकाच दूर पडतो. येथे रचनाकाराने पक्ष घ्यावा लागतो. धामरा हाच तळ योग्य, आणि बालासोरला केवळ गलबते ठेवावीत, असे नौकेच्या डुबावाचे आकडे व सीमेचा नकाशा दोन्ही सुचवितात.

याच नौकेला १८०३ पर्यंत पुढे नेऊन पाहिल्यास निकाल वेगळा लागतो. हार्कोर्टच्या सैन्याने गंजामकडून येऊन १८ सप्टेंबरला पुरी घेतली, त्याच महिन्यात बंगालमधून समुद्रमार्गे आलेल्या तुकडीने बालासोर घेतले आणि १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला पडला. सप्टेंबरमध्ये ‘वैनगंगा’ काठ्या उतरवून धामराच्या आत, गोड्या पाण्यात पडलेली असेल. तिला सज्ज करण्यास लागणारे आठवडे हाती नाहीत. बालासोरच्या नदीमुखाशी उतरणाऱ्या तुकडीला अडविण्याचे काम तेथे ठेवलेल्या वल्ह्यांच्या तीन गलबतांनाच करावे लागेल. ती गलबते पावसाळ्यातही माणसे व दारूगोळ्यासह तयार ठेवावयाची असल्यास त्यांचा बारमाही रोजमुरा कटकच्या वसुलीतून लावून द्यावा लागेल. खेळाच्या पहिल्याच फेरीत, म्हणजे १७६० च्या सुमारास, जानोजींची बाजू खेळणाऱ्यापुढे हा खर्च मंजुरीसाठी ठेवावा.